माळ, धुरे आणि पाझर तलाव

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, शिरपूरहून माळाकडे जाणाऱ्या पांदणीत, एका बाभळीच्या झुडपावर दुर्बीण रोखून मी उभा असता तुरीच्या वावराकडे निघालेले एक वृद्ध शेतकरी बैल थांबवून बाजूला आले, आणि एकदा झुडपाकडे व एकदा माझ्याकडे असे बराच वेळ पाहून झाल्यावर त्यांनी विचारले, “काय पायता जी? त्या काट्यात काय हाय?” काट्यात खाटीक होता. राखी पाठीचा, डोळ्यांवरून काळी पट्टी गेलेला, साळुंकीएवढाच तो पक्षी बाभळीच्या एका लांब काट्याला टोचून ठेवलेल्या नाकतोड्याचे पाय आपल्या आकडेबाज चोचीने एकेक करून उपटून काढीत होता, आणि प्रत्येक हिसक्यासरशी ती सबंध डहाळी हलत होती. मी दुर्बीण त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती डोळ्यांना लावली, पक्षी सापडताच क्षणभर श्वास रोखून धरला, आणि मग दुर्बीण परत करीत ते म्हणाले, “हा तं रोजचाच हाय. रोजचं काय पायाचं?”

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. ज्याला पक्षी पाहावयाचे असतील त्याने भरतपूर गाठावे, भिगवणला जावे, नांदूर मधमेश्वरास मुक्काम करावा, आपल्या गावच्या शिवारात पाहण्यासारखे काय आहे, अशी समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे. आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या, वाघाच्या अरण्याची ख्याती नसलेल्या, सोयाबीन आणि तूर यांच्यासाठीच बाजारात ओळखल्या जाणाऱ्या वाशिमसारख्या जिल्ह्यात ती अधिकच दृढ झाली आहे. याच शिवारात वर्षानुवर्षे हिंडून जे दिसले, आणि या विषयात इतरांनी जे कष्टाने मिळवून ठेवले आहे, त्या दोहोंचा एकत्र विचार केला असता ही समजूत मुळातच चुकीची आहे असे माझे मत झाले आहे, आणि त्याची कारणे येथे सविस्तर मांडावयाची आहेत.

शिरपूर म्हणताच यात्रेकरूच्या मनात अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती उभी राहते. ती भूमीचा आधार न घेता अधांतरी विराजमान आहे अशी श्रद्धा असून त्या श्रद्धेवरूनच तिला हे नाव मिळाले आहे. पाखरांना दाणा टाकणे हे ज्या धर्मपरंपरेत नित्यकर्म मानले जाते, आणि जिने दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारात केवळ पक्ष्यांसाठी रुग्णालय चालविले, त्या जैन परंपरेचे हे क्षेत्र आहे. पाखराविषयी दया येथे नव्याने शिकवावी लागत नाही. दाणा टिपावयास न येणारी, माळावर आणि गवतात राहणारी, माणसाला टाळणारी जी पाखरे आहेत त्यांच्याशी ओळख मात्र अद्याप व्हावयाची आहे.

भूगोल आमच्या बाजूचा आहे. मालेगाव तालुक्याचा हा टापू दोन खोऱ्यांच्या सांध्यावर पडतो. काटेपूर्णा उत्तरेस उतरून पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीवाटे पश्चिम समुद्रास जाते. पैनगंगा वर्धेस मिळून तिचे पाणी अखेर गोदावरीवाटे पूर्व समुद्रास पोचते. समुद्र दोन्ही दिशांना दूर. पण अशा सांध्यावरच्या प्रदेशात वर मुरमाड माळ, उतारावर बरड, खाली नाल्याकाठची काळी, आणि मेडशीकडे पानझडी रान असे जमिनीचे चार प्रकार एका दिवसाच्या पायपिटीत भेटतात, व प्रत्येक प्रकाराची पाखरे निराळी. यांत पाचवा प्रकार मनुष्याने निर्माण केला आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर महाराष्ट्रभर जे पाझर तलाव खोदले गेले ते माणसांच्या विहिरींसाठी होते. पण ज्या मजुरांनी उन्हात टोपल्या वाहिल्या त्यांनी, नकळत, हिमालयापलीकडून येणाऱ्या पाखरांसाठीही उतारे बांधून ठेवले. पौषात अशा तलावाच्या उथळ कडेला थापट्या बदके पाणी चाळीत असतात, तलवार बदकांच्या शेपट्या वर झालेल्या दिसतात, आणि कधी चक्रवाकांची जोडी चिखलावर उभी असते. संस्कृत कवींनी रात्रीच्या विरहाचे प्रतीक केलेला हा पक्षी लडाख-तिबेटाकडे वीण आटोपून येतो. पट्टकदंबांचा थवा उतरला तर तो दिवस वहीत तांबड्या शाईने लिहावा, कारण हिमालय ओलांडताना सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर या हंसाची उपकरणांनी नोंद झालेली आहे. अधिक मोठा मेळा पाहावयाचा तर काटेपूर्णेवर महान येथे बांधलेला जलाशय आहे, वाशिमजवळ एकबुर्जी आहे, आणि २०२० मध्ये रामसर यादीत गेलेले लोणारचे खारे सरोवर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. परंतु ज्याला गावापासून दोन कोसांवर पाझर तलाव आहे त्याने प्रथम तोच पाहावा, कारण लोणारला तो वर्षातून एकदा जाईल आणि इथे पन्नासदा.

तथापि पाण्याची पाखरे ही या जिल्ह्याची खरी दौलत नव्हे. ती कोठेही पाण्याबरोबर येतात. आमची खरी दौलत माळावर आहे, आणि दुर्दैव असे की सरकारी दफ्तरात माळाला स्वतःचे नाव नाही. पडीक, पोटखराब, गायरान, ई-क्लास, अशा ज्या नोंदी जमाबंदीच्या कागदांत सापडतात त्या सर्वांचा आशय एकच : येथून सरकारास वा रयतेस काही मिळत नाही. जमिनीचा महसूल ठरविण्याच्या दृष्टीने ती वर्गवारी योग्य असेलही, पण ज्या सजीवांची उपजीविकाच उघड्या, आखूड गवताच्या, दूरवर दृष्टी पोचणाऱ्या जमिनीवर अवलंबून आहे त्यांच्या दृष्टीने ती संपूर्ण विपरीत आहे. येथे धाविक पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. नर डोंबारी आकाशात चढून शीळ घालीत दगडासारखा खाली येतो आणि जमिनीला टेकण्यापूर्वी पुन्हा उचलला जातो. माळटिटवी अंड्यांवर बसलेली असता दहा पावलांवरून दिसत नाही. पखुर्डीचे तर एक नवलच आहे. कबुतरासारखी दिसणारी ही पाखरे सकाळी ठराविक वेळी पाण्यावर येतात, आणि वीण सुरू असता नर पाण्यात बसून आपल्या पोटाची पिसे भिजवून घेतो, ते पाणी स्पंजाप्रमाणे पिसांत धरून कोरड्या माळावरच्या पिलांपर्यंत उडत नेतो, व पिले त्या पिसांतून ते चोखून पितात. कोकणातल्या माणसाला हे घरबसल्या दिसणार नाही. समुद्र त्याला पुष्कळ देतो, पण हे देत नाही.

या माळाचा पहिला व्यवस्थित अभ्यासक महसुलाच्या पाहणीतूनच निपजला, ही गोष्ट मला नेहमी सूचक वाटत आली आहे. विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची सांख्यिकीय पाहणी करीत हिंडत असता पिके, लोकसंख्या व बाजारभाव यांच्याबरोबर पक्षीही टिपत गेला, आणि त्याने दख्खनच्या पक्ष्यांची सूची १८३२ साली प्रसिद्ध केली. आपल्या माळावर तुरेवाला जो लहान तांबूस चंडोल दिसतो तो अजूनही पक्षिशास्त्रात साइक्सच्याच नावाने ओळखला जातो. म्हणजे ज्या जमिनीवर कर बसविता येत नाही तीही नोंदण्याजोगी आहे हे त्याच दफ्तराच्या माणसाला सुमारे दोनशे वर्षांपूर्वी कळले होते.

आणि तणमोर. पावसाळ्यात गवत गुडघाभर झाले की काळ्या-पांढऱ्या वेषातला, डोक्यामागे पिसांच्या बारीक काड्या मिरविणारा हा लहान माळढोक गवतातून उभा वर उसळतो, पंख फडफडवून परत गवतात नाहीसा होतो, आणि हे तो दिवसातून शेकडो वेळा करतो. उद्देश एवढाच, की गवतात दडलेल्या मादीने आपल्याला पाहावे. जगात तो फक्त भारतीय उपखंडात होतो, आणि २०२१ पासून अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत त्याची गणना आहे. अकोला-वाशिमचा गवताळ पट्टा त्याच्या थोड्या उरलेल्या आश्रयस्थानांपैकी एक. आणि तेथे त्याचा शोध व राखण करण्याच्या कामात जे पुढे आले ते विद्यापीठांतले पंडित नव्हते, फासेपारधी होते. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले आणि ज्यांची त्या कलंकातून कायदेशीर मुक्तता १९५२ साली झाली, त्यांपैकीच ही एक जमात. पिढ्यान्‌पिढ्या तित्तिर-लावे फाशात धरून जगल्याने गवतातल्या प्रत्येक हालचालीचा अर्थ तिला कळतो. कारंज्याकडील संवेदना या संस्थेने या समाजासमवेत काम करून त्या ज्ञानालाच संरक्षणाचे साधन केले. पुस्तकी पक्षिनिरीक्षकाने या तरुणांच्या मागे एक दिवस चालून पाहावे. मी चाललो आहे, आणि माझ्या दुर्बिणीला जे दिसण्यापूर्वी त्यांच्या कानाला ऐकू येत होते ते पाहून माझ्या विद्येची मर्यादा मला नीट कळली.

येथे एक मत स्पष्टपणे नोंदवितो, आणि ते अनेक सज्जनांना रुचणार नाही हे जाणून नोंदवितो. माळावर झाडे लावणे हे सर्वत्र पुण्यकर्म नव्हे. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला शत्रू दुरून दिसणे हेच संरक्षण असते; त्याच माळावर ओळीने रोपे उभी केली की कावळ्यांना व शिकऱ्याला बसावयास टेहळणीची जागा मिळते, गवत सावलीत मरते, आणि धाविक, पखुर्डी, तणमोर यांचे घर कागदोपत्री हरित होऊन प्रत्यक्षात ओस पडते. कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य २००० साली झाले तेव्हा जेमतेम अठरा चौरस किलोमीटर गवताला तरी संरक्षण मिळाले. उरलेला माळ गावोगावच्या हद्दींत विखुरलेला आहे. वृक्षारोपणाला गावठाण, शाळा, रस्ते, पांदणी, धुरे आहेत. माळ गवताचाच राहू द्यावा.

वर्षाचे चक्र सांगावयाचे तर पुष्कळ सांगता येईल. दोन-तीन गोष्टींवरच थांबतो. मृगाच्या आगेमागे चातक येतो. कालिदासाने मेघदूतात मेघाच्या सोबतीला दिलेला हा पक्षी आफ्रिकेच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यांबरोबर मध्य भारतात पोचतो आणि आपले अंडे सातभाईंच्या घरट्यात घालून पालकत्वाच्या श्रमांतून मोकळा होतो. त्याच सुमारास पावशा ओरडू लागतो आणि ‘पेर्ते व्हा’ असा त्याचा अर्थ लावून शेतकरी तिफण काढतो. श्रावणाच्या सुमारास भोरड्या येऊ लागतात. मध्य आशियात वीण करून येणाऱ्या या गुलाबी मैनांचे थवे, पूर्वी ज्वारी हुरड्यावर आली की असे कोसळत की माळ्यावर गोफण घेऊन दिवसभर माणूस ठेवावा लागे. गेल्या काही दशकांत ज्वारी गेली, सोयाबीन आले, माळे मोडले, आणि गोफण कोनाड्यात पडून राहिली. भोरडी अजून येते, पण आता ती फाल्गुनातल्या पळसावर आणि काटेसावरीवर दिसते, ज्वारीच्या कणसावर क्वचितच. ती केवळ दाणा खात नसे, नाकतोडेही खात असे. त्या दोन्ही खात्यांचा हिशेब कोणी मांडून ठेवला असता तर तो आज किती मोलाचा ठरला असता!

हिवाळ्यात माळावर भोवत्ये येतात. लांब पंखांचे, सडपातळ, गवताच्या टोकांना स्पर्श करीत संथ तरंगणारे हे शिकारी पक्षी दिवसभर नाकतोडे व उंदीर टिपतात आणि संध्याकाळी झाडावर न चढता माळावरच्या गवतात, जमिनीवर, एकत्र झोपावयास उतरतात. सूर्य बुडता बुडता एकेक भोवत्या दिशादिशांनी येऊन माळावर दोन घिरट्या घालून गवतात विरून जातो, आणि अंधार पडल्यावर तेथे एकही पक्षी असल्याचा मागमूस राहत नाही. गवताला त्या रात्री आग लागली तर काय होईल या विचाराने मी अनेकदा अस्वस्थ होऊन परतलो आहे.

एकाच ठिकाणी दीर्घकाळ पाहण्याने ज्ञानात काय भर पडते, याचा इतिहासही थोडक्यात पाहावा. इंग्लंडातल्या सेलबोर्न या आडगावच्या गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाने आपल्या पंचक्रोशीबाहेर फारसे न जाता, दिसायला सारख्या अशा तीन इवल्या वटवट्यांमधला फरक त्यांच्या गाण्यावरून ओळखला, आणि त्याचे १७८९ चे पुस्तक आजही छापले जाते. आपल्याकडे सालिम अली यांनी १९३० च्या पावसाळ्यात, नोकरी नसल्याच्या काळात, किहीम येथे घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीकडे महिनोन्‌महिने पाहून नर एकामागून एक घरटी बांधून अनेक माद्यांशी संसार कसा मांडतो हे उलगडले. सुगरण तर हजारो वर्षे सर्वांच्याच विहिरीवर लोंबत होती.

पण सर्वांत बोधक कथा रानपिंगळ्याची आहे. ॲलन ह्यूम याने, तोच पुढे राष्ट्रसभेच्या स्थापनेत अग्रणी झाला, मुलुखातल्या जिल्हा अधिकाऱ्यांचे एक जाळे विणून त्यांच्याकडून पक्षी व टिपणे मागविली, आणि अशाच एका अधिकाऱ्याने, ब्लुइटने, पाठविलेल्या घुबडाचे वर्णन १८७३ मध्ये प्रसिद्ध केले. खानदेशात डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने त्याचे आणखी काही नमुने मिळविले. मग तो पक्षी नाहीसा झाला. १९१४ मध्ये गुजरातेत मांडवी येथे तो मिळाल्याची माइनर्ट्‌झहागेन याची एक नोंद होती, आणि त्या नोंदीवर विसंबून पुढच्यांनी चुकीच्या जागी शोध घेतला. ती नोंद खोटी होती, जुनाच नमुना संग्रहालयातून चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी हे कपट उघडकीस आणले, खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या जुन्या जागांची यादी केली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सहकाऱ्यांसह शहाद्याजवळच्या रानात तो पक्षी भरदिवसा झाडावर बसलेला पाहिला. अखेरच्या खऱ्या नमुन्यानंतर ११३ वर्षे लोटली होती. पुढे आपल्या मेळघाटातही तो सापडला. वहीत लिहिलेला एक खरा शब्द शंभर वर्षांनी वाट दाखवितो, एक खोटा तितकीच वर्षे वाट चुकवितो.

खुद्द ह्यूमच्या हस्तलिखितांची गत सांगितली तर अंगावर काटा येतो : सिमल्यास त्याच्या अनुपस्थितीत घरच्या नोकराने ती रद्दीच्या भावाने बाजारात विकून टाकली, आणि पंचवीस वर्षांचे टिपण नष्ट झाले.

आमच्या गावाने असे काय गमावले याचे उत्तर एका शब्दात आहे : गिधाड. मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की घटकाभरात आकाश भरून जाई, आणि संध्याकाळपर्यंत सांगाडा स्वच्छ होई, हे माझ्या पिढीने पाहिलेले आहे. मग १९९० नंतरच्या दशकात ती दिसेनाशी झाली. आणि ती नेमकी कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात गेली हे आमच्या पंचक्रोशीत एकही माणूस सांगू शकत नाही, कारण रोजचे म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक मृतदेहातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर भारतात बंदी आली. तोवर कोट्यवधी पक्षी मेले होते. ‘आज पन्नास, गेल्या वर्षी दीडशे’ एवढीच ओळ दर वर्षी शंभर गावांत कोणी लिहिली असती, तर कदाचित दहा वर्षे आधी कोणाच्या तरी लक्षात आले असते. त्या उणिवेला मीही जबाबदार आहे.

आता ती ओळ लिहिण्याची सोय झाली आहे. २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल प्रसिद्ध झाला तो सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांनी नोंदविलेल्या याद्यांवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला, आणि ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांपैकी साठ टक्के घटत असल्याचे दिसले, आणि त्यांत माळरानांच्या पक्ष्यांची स्थिती विशेष चिंताजनक ठरली. मात्र निरीक्षक शहरांभोवती दाटतात. वाशिम, हिंगोली, बुलढाणा यांच्या आतल्या गावांतून एक प्रामाणिक यादी गेली तर तिचे वजन पुण्या-मुंबईच्या शंभराव्या यादीपेक्षा कितीतरी अधिक. त्यातही वाशिम हा जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला, त्यामुळे जुन्या नोंदी अकोला वा वऱ्हाड अशा नावांखाली विखुरलेल्या. त्या वेचून एकत्र करणे हेही एक काम आहे, आणि ते पुण्यातल्या माणसापेक्षा इथल्या शिक्षकाला अधिक साधेल.

नोंदी हव्यात, पण दुर्मीळ पक्ष्यामागे मोटारी घेऊन धावणे, घरट्यासमोरची फांदी छाटून छायाचित्र काढणे, या प्रकाराला मी पक्षिनिरीक्षण मानीत नाही. फांदी गेली की ऊन आणि कावळा दोन्ही पिलांपर्यंत पोचतात.

नावांचा प्रश्नही नोंदींच्याच संदर्भात पाहावा. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून रानोरान हिंडताना आदिवासींकडून, पारध्यांकडून, ढीवरांकडून पाखरांची नावे वेचली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. २०२५ साली ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून त्यांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात शाळांतून व्याख्याने होतात, ती व्हावीतच. पण त्याच मुलांना आजोबांकडून प्रत्येकी पाच पाखरांची वऱ्हाडी नावे लिहून आणावयास सांगितले, तर जी नावे कोणत्याही कोशात अद्याप नाहीत तीही हाती लागतील, आणि त्यासाठी फार दिवस हाती नाहीत.

खाटीक दाखविला त्या सकाळीला पाच महिने झाले. वैशाखात, उन्हे कलल्यावर, मी ई-क्लासच्या बाजूने परतत असता तेच वृद्ध शेतकरी धुऱ्यावरून हात हलवून मला बोलवीत होते. जवळ गेल्यावर त्यांनी ओठांवर बोट ठेवले आणि वखरलेल्या रिकाम्या वावरात, ढेकळांच्या मध्ये, एका जागी बोट दाखविले. मला काही दिसेना. टिटवी आमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालीत होती. मग ढेकळांच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची, निमुळती टोके आत वळवून ठेवलेली अंडी हळूहळू मातीतून उमटल्यासारखी दिसू लागली. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, असा आमच्याकडे समज आहे. “परवा दोन होती जी, आज तीन हायेत,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुम्ही लेहून घ्या. चवथं आलं का मी सांगतो.” आणि वखराचे बैल त्या तुकड्याला वळसा घालून त्यांनी पलीकडून काढले.